रानकांदा आणि माळरानाचे वय

महाराष्ट्रातील रानफुलांचा अभ्यास मुख्यतः सह्याद्रीच्या माथ्यावर झाला. खंडाळा, महाबळेश्वर, आंबोली आणि कास ही नावे वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत वारंवार येतात, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाल्यानंतर तर कासच्या फुलांना अभ्यासकांच्या पलीकडचा, हौशी पर्यटकांचाही वर्ग लाभला. त्या मानाने अजिंठ्याच्या रांगेचे जे फाटे आग्नेयेकडे उतरत जिंतूर, औंढा नागनाथ, सेनगाव आणि कळमनुरी या भागांत पसरले आहेत, त्यांच्यावरील गवताळ माळांकडे हलकी, मुरमाड, नांगराला न येणारी जमीन म्हणूनच पाहिले गेले. या माळांवर वर्षातील सात-आठ महिने जमिनीखाली राहून उरलेल्या काळात पाने आणि फुले वर धाडणाऱ्या कंदवनस्पतींचा एक पुरातन समूह नांदतो. त्याचा विचार केवळ एका फुलाच्या कौतुकापुरता मर्यादित राहू शकत नाही, कारण त्यात आणखी एक मोठा प्रश्न गुंतलेला आहे: मराठवाड्यातील माळरान हे तुटलेल्या जंगलाचा अवशेष आहे, की ते मुळातच गवताळ प्रदेश म्हणून घडलेले आणि तसेच जपण्याजोगे भूदृश्य आहे? उपलब्ध पुरावा दुसऱ्या पर्यायाकडे झुकतो, आणि त्या पुराव्यात कंदांची साक्ष सर्वांत वजनदार ठरते.

प्रथम परिभाषा स्पष्ट करणे आवश्यक आहे. बोलीभाषेत जमिनीखालच्या प्रत्येक गड्ड्याला कंद म्हटले जाते, परंतु शास्त्रीय लेखनात त्यांचे वेगवेगळे प्रकार मानले जातात. कांद्याप्रमाणे एका आखूड, चपट्या खोडाभोवती अन्नाने भरलेल्या मांसल पानांचे पापुद्रे एकमेकांवर बसलेले असतील, तर तो खरा कंद होय; खोडच फुगून घट्ट, भरीव गोळा झाला असेल तर तो दृढकंद; हळद आणि आले यांच्याप्रमाणे जमिनीत आडवे वाढणारे, डोळे असलेले खोड म्हणजे मूलक्षोड; आणि मुसळीप्रमाणे मुळांनाच अन्नाच्या गाठी आल्या असतील तर ती मांसल मुळे होत. रचना वेगळी असली तरी या सर्वांचे काम एकच असते. पावसाच्या तीन-चार महिन्यांत पानांनी तयार केलेले अन्न साठवायचे आणि वणवा, चराई व उन्हाळा या तिन्ही संकटांच्या काळात वाढीचा कोंब जमिनीखाली सुरक्षित ठेवायचा, असे ते काम आहे. हळदीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्याला जमिनीखालच्या खोडाचे हे शास्त्र नव्याने शिकवावे लागत नाही. रानातल्या कंदांकडे मात्र ते ज्ञान अजून पुरेसे वळलेले नाही.

या समूहाचा प्रातिनिधिक सदस्य म्हणून रानकांद्याकडे पाहता येते. कोळकांदा किंवा जंगली कांदा या नावांनीही ओळखली जाणारी ही वनस्पती शास्त्रीय नामावलीत आज ड्रिमिया इंडिका म्हणून नोंदली जाते. विल्यम रॉक्सबर्ग यांच्या, त्यांच्या मृत्यूनंतर १८३२ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लोरा इंडिका’ या ग्रंथात ती सिला इंडिका होती, पुढे कुंथ यांनी तिला अर्जिनिया या प्रजातीत नेले आणि १९७७ मध्ये जेसप यांनी ती ड्रिमियामध्ये समाविष्ट केली, त्यामुळे जुन्या औषधग्रंथांत आणि नव्या वनस्पतिसूचींत एकच झाड तीन नावांनी भेटते. कुलाचेही तसेच झाले. पूर्वीच्या लिलिएसी या अवाढव्य कुलातून हायसिंथेसी हे कुल वेगळे काढले गेले, आणि २००९ च्या वर्गीकरणापासून ते शतावरीच्या ॲस्परॅगेसी कुलातील एक उपकुल मानले जाते.

रानकांद्याचे जीवनचक्र नेहमीच्या झाडांच्या उलट क्रमाने चालते. माळावरचे गवत पिवळे पडून पार मोडलेले असते, मुरूम तापलेला असतो, आणि अशा चैत्र-वैशाखाच्या उन्हात, एकही पान नसताना, जमिनीतून थेट एक सरळ, गुळगुळीत पुष्पदंड वर येतो. तो हातभर तर कधी त्याहूनही उंच वाढतो, आणि त्याच्या वरच्या भागावर लांब देठांची, एकमेकांपासून दूर असलेली, खाली कललेली मळकट पांढरी फुले खालून वर अशा क्रमाने उमलत जातात. प्रत्येक फुलाला सहा पाकळ्या असतात आणि प्रत्येकीच्या मध्यावरून हिरवट-तपकिरी पट्टा गेलेला असतो. एकेका फुलाचे आयुष्य एका दिवसाहून अधिक नसते. पुढे तीन कप्प्यांची बोंडे धरतात, ती वाळून तडकतात, आणि त्यांतून काळ्या, चपट्या, कडेला पातळ पडदा असलेल्या बिया वाऱ्यावर पसरतात. हा काळ मृगाच्या तोंडावर येतो, त्यामुळे जमिनीवर पडलेल्या बीला पहिल्याच पावसात रुजण्याची संधी मिळते. पुष्पदंड वाळून गेल्यावर मग पाने येतात. ती लांब, चपटी, पट्टीसारखी असून पावसाळाभर अन्न तयार करतात आणि पाऊस ओसरल्यानंतर सुकून नाहीशी होतात. फुले पाहणाऱ्याला पाने दिसत नाहीत आणि पाने पाहणाऱ्याला फुले दिसत नाहीत, हे या गटाच्या अभ्यासातील अडथळ्याचे एक मोठे कारण आहे, आणि त्याचा परिणाम पुढे येणारच आहे.

जमिनीखालचा कंद साधारण दोन ते चार इंच लांबीचा, अंडाकृती किंवा गोलसर, फिकट रंगाचा आणि बाहेरून पातळ पापुद्र्यांनी वेढलेला असतो. तो कापला असता पांढरा, बुळबुळीत, अतिशय कडू रस निघतो व हाताला खाज सुटते. रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, आणि ते त्वचेत टोचल्याने ही खाज येते. कंदाच्या तळाशी असलेली मुळे दोन प्रकारची असतात. काही मुळे पाणी शोषतात, तर काही जाड मुळे वाढ पूर्ण झाल्यावर आकसून आडव्या सुरकुत्यांची होतात आणि कंदाला किंचित खाली ओढतात. त्यांना आकुंचनशील मुळे म्हणतात. बी जमिनीच्या पृष्ठभागावर रुजते आणि प्रौढ कंद मात्र वीतभर खोल सापडतो, याचे कारण वर्षानुवर्षे चालणारे हे ओढणे होय. एखादा खोल रुतलेला मोठा कंद ही एका पावसाळ्याची कमाई नसते, आणि म्हणूनच तो एकदा उपटला गेला की त्याची जागा भरून येण्यास बरीच वर्षे लागतात.

रानकांद्याचे औषधी महत्त्व फार जुने आहे. भूमध्य समुद्राच्या काठावर वाढणारा त्याचा भाऊबंद, ड्रिमिया मॅरिटिमा, ग्रीक-रोमन वैद्यकापासून कफ पातळ करण्यासाठी आणि जलोदरावर वापरला गेला, तर आयुर्वेदीय साहित्यात भारतीय जात कोलकंद आणि वनपलांडू या नावांनी येते. ब्रिटिश काळात युरोपीय कंदाऐवजी भारतीय कंद वापरण्यास औषधशास्त्राने मान्यता दिली. दोहोंतही स्किलारेन आणि प्रोस्किलारिडिन यांसारखी हृदयावर कार्य करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये असतात. ती हृदयाच्या स्नायुपेशींतील सोडियम-पोटॅशियमची देवाणघेवाण रोखून ठोक्याचा जोर वाढवतात, आणि मात्रा थोडी जरी चुकली तरी तीच हृदयाची लय बिघडवतात. युरोपात लाल कंदाच्या प्रकारापासून उंदरांचे विष तयार केले जात असे, यावरून या द्रव्यांची तीव्रता लक्षात येईल. घरगुती उपचारांत या कंदाचा वापर करणे धोक्याचे आहे, आणि रानभाज्यांच्या वाढत्या उत्साहात ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली जाणे गरजेचे आहे, कारण पावसाळ्यात कोवळ्या पानांच्या अवस्थेत रानकांदा आणि खाण्याजोगी मुसळी यांची गल्लत होणे अशक्य नाही.

रानकांदा एकटा नसतो. मराठवाड्याच्या माळांवर पहिल्या पावसाबरोबर क्लोरोफायटम ट्यूबरोसम ही मुसळी पांढऱ्या फुलांचे तुरे काढते. लेडेबोरिया रेव्होल्यूटा हा लहान कंद जमिनीला टेकलेल्या मांसल पानांवरील जांभळट ठिपक्यांमुळे ओळखू येतो, आणि ज्याला ते ठिपके एकदा दिसले त्याला पुढे गवतातही तो शोधावा लागत नाही. भुईचक्र, म्हणजे इफिजेनिया इंडिका, ही गवताच्या पात्यांसारखी बारीक पाने आणि काळपट जांभळी चिमुकली फुले असलेली दृढकंदी वनस्पती आहे. तिच्यात आणि कुंपणांवर चढणाऱ्या कळलावीत कोल्चिसिन हे द्रव्य असते, ज्याचा उपयोग संधिवातावर आणि पिकांच्या पैदाशीत गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी होतो. सेरोपेजिया बल्बोसा ही कंदीलपुष्पांच्या गटातील वेल नावाने कंदधारी असली तरी तिचा गड्डा खऱ्या कंदाचा नसतो; तो गोल, चपटा आणि खाण्याजोगा असून गुराखी तो खणून खात आले आहेत. नदीकाठच्या गाळात मोठ्या पांढऱ्या फुलांचे क्रायनम आढळते, पण ते माळाच्या समूहातले नव्हे.

सह्याद्रीवर याच गटांच्या अनेक प्रदेशनिष्ठ जाती, म्हणजे जगात इतरत्र कोठेही न सापडणाऱ्या जाती, आढळतात. दीपकाडीच्या कोकणातील आणि घाटमाथ्यावरील जाती, क्रायनम ब्रॅकिनेमा, पॅन्क्रॅशियमच्या लहान जाती आणि पुणे परिसरातील ड्रिमिया राझी ही त्यांची काही उदाहरणे होत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कंदांचे वर्गीकरण, गुणसूत्रांचा अभ्यास आणि विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात त्यांची लागवड अशा तीनही अंगांनी जे काम उभे केले, ते महाराष्ट्रातील वनस्पतिशास्त्राच्या अभिमानाचा विषय आहे. रानकांद्यात गुणसूत्रांची मूळ संख्या दहा असून वीस, तीस आणि चाळीस गुणसूत्रांचे प्रकार नोंदले गेले आहेत. एकच जात मानल्या गेलेल्या या वनस्पतीत प्रत्यक्षात कितीतरी अंतर्गत विविधता दडलेली आहे, हे त्यावरून दिसते. तीस गुणसूत्रांच्या झाडांत बीजधारणा सहसा नीट होत नाही व ती कंदाला फुटणाऱ्या पिल्लांवर टिकून राहतात.

या वनस्पतींचे जगातील नातेसंबंध पाहिले तर नजर आफ्रिकेकडे वळते. ड्रिमिया, लेडेबोरिया आणि दीपकाडीची डिपकॅडी ही प्रजाती, या तिन्हींच्या सर्वाधिक जाती आफ्रिकेत, विशेषतः तिच्या दक्षिण भागात, आढळतात, आणि तेथील ड्रॅकन्सबर्ग पर्वताच्या उतारांवरील गवताळ प्रदेश कंदवनस्पतींसाठी जगप्रसिद्ध आहेत. दख्खनच्या माळावरील आणि आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातील वनस्पतींचे हे कुटुंबसाधर्म्य योगायोगाचे नाही. उन्हाळी पाऊस, दीर्घ कोरडा ऋतू, वारंवार येणारी आग आणि चरणारे प्राणी या समान परिस्थितीत एकाच घराण्यातील शाखा तगल्या आणि फोफावल्या. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी, त्यांत विल्यम बाँड यांचे नाव अग्रणी आहे, गवताळ प्रदेश हे जंगलाचे बिघडलेले रूप नसून स्वतंत्र आणि प्राचीन परिसंस्था आहेत, ही भूमिका मांडली तेव्हा त्यांच्या युक्तिवादात जमिनीखालच्या अवयवांना मध्यवर्ती स्थान होते. जंगल तुटून नव्याने पसरलेल्या गवतात वाऱ्यावर येणारी, झटपट वाढणारी झुडपे आणि तणे आधी येतात. मंदगतीने वाढणारे, खोल रुतणारे, फार दूर न पसरणारे कंद तेथे पोचायला दीर्घ काळ लागतो.

आशिष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सहा खंडांतील अभ्यासांवर आधारित विश्लेषणाने याला संख्यात्मक आधार दिला. एकदा नष्ट होऊन पुन्हा वाढलेल्या गवताळ प्रदेशांत मूळ प्रदेशांपेक्षा सरासरी ३७ टक्के कमी जाती आढळतात आणि ती तूट भरून निघण्यास किमान शंभर वर्षे, बहुधा त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो, असा त्याचा निष्कर्ष होता. नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये पश्चिम महाराष्ट्राविषयी वेगळ्याच मार्गाने हाच प्रश्न तपासला. तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातील आणि लोककथांतील वनस्पतींचे उल्लेख गोळा केल्यावर त्यांतील बहुसंख्य वनस्पती माळरानाच्या निघाल्या, आणि तो प्रदेश निदान साडेसातशे वर्षे तरी उघड्या गवताळ रूपात होता, असे अनुमान निघाले. संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी हिंगोली जिल्ह्यातच आहे. मराठवाड्याच्या संतवाङ्मयाची, महानुभाव परंपरेतील ग्रंथांची आणि बंजारा व धनगर समाजांतील मौखिक गीतांची याच पद्धतीने छाननी होणे अगदी शक्य आहे, आणि मराठीचे अभ्यासक व वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून करण्याजोगे याहून फलदायी काम सहसा सापडणार नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. केवळ रानकांदा दिसला म्हणून माळ प्राचीन ठरत नाही, कारण हा कंद विषारी असल्याने गुरे त्याला तोंड लावत नाहीत, आणि अतिचराईने गवत खुरटलेल्या जमिनीवर तो उलट अधिक ठळकपणे दिसू शकतो. पुरावा म्हणून एका जातीला नव्हे तर समूहाला किंमत आहे. पवना, शेडा, डोंगरी यांसारखी बहुवर्षायू गवते, त्यांच्यामध्ये मुसळी, लेडेबोरिया, भुईचक्र, जमिनीवर उगवणारी आमरे (ऑर्किड) आणि कंदीलपुष्पे एकत्र नांदत असतील, तर त्या जमिनीची घडी दीर्घकाळ मोडलेली नाही असे म्हणता येते.

हिंगोलीच्या बाबतीत अशा समूहांची नोंद विरळ राहण्याला इतिहासही कारणीभूत आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील पायाभूत ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला, आणि पुढे ब्लॅटर, मॅकान व सांतापाव यांनी त्याच परंपरेत भर घातली; परंतु हिंगोली तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, म्हणून ती या परंपरेच्या हद्दीबाहेर राहिली. संस्थानात वनस्पतींकडे पाहिले गेले ते मुख्यतः वनखात्याच्या गरजेतून, म्हणजे इमारती लाकूड देणाऱ्या वृक्षांच्या अंगाने. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर चित्र बदलू लागले, वि. ना. नाईक यांनी १९७९ मध्ये उस्मानाबादच्या आणि १९९८ मध्ये संपूर्ण मराठवाड्याच्या वनस्पतींवर ग्रंथ सिद्ध केले, आणि आजही या भागात काम करणाऱ्याला तेथूनच सुरुवात करावी लागते. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, त्यामुळे जुन्या नोंदींत त्याच्या जागा परभणीच्या नावाखाली शोधाव्या लागतात.

यापेक्षा गंभीर अडथळा जमिनीच्या सरकारी वर्गवारीचा आहे. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी आणि गवताळ माळांचा मोठा भाग पडीक म्हणून दाखवला जातो, आणि एकदा तो शिक्का बसला की त्या जमिनीचे काहीतरी ‘करणे’ हे पुण्यकर्म ठरते. राज्यात २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत पन्नास कोटी वृक्षलागवडीचा कार्यक्रम राबवला गेला. हेतू चांगला असला तरी मोकळ्या माळांवर यंत्राने सलग समतल चर खणून गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा निलगिरी लावली जाते तेव्हा दुहेरी हानी होते: चरामध्ये वर्षानुवर्षे रुतलेले कंद उलथून निघतात, आणि जे वाचतात त्यांच्या पानांना ऐन पावसाळ्यात सावलीमुळे ऊन मिळत नाही. कंदाला आगीपेक्षा आणि गुरांच्या खुरांपेक्षा सावली व खोदकाम जास्त घातक असते, ही गोष्ट वनीकरणाच्या नियोजनात अजून रुजलेली नाही. गायरानांवरील अतिक्रमणे, मुरूम उपसणे आणि सफेद मुसळी व कळलावीची व्यापारासाठी होणारी खणती यांनीही आपापली भर घातली आहे. सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात दिलेल्या निकालाने गायरानांना कायद्याचे बळ दिले असले, तरी मोकळे झालेले गायरान झाडे लावण्यासाठी वापरले गेले तर कंदांच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही.

या पार्श्वभूमीवर औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेकडे वेगळ्या दृष्टीने पाहता येते. लायगो-इंडिया या प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अंतिम मंजुरी दिली आणि तिच्या दोन्ही भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. अशा उपकरणाला भोवताली कंपनमुक्त, वर्दळ नसलेली जमीन लागते. बांधकामाबाहेर राहणाऱ्या आणि रहदारीपासून दूर ठेवल्या जाणाऱ्या पट्ट्यांत शोभेची झाडे लावण्याऐवजी मूळचे गवत राखले, वर्षातून एकदा कापणी केली आणि कंदांची नोंद ठेवली, तर गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या संस्थेच्या आवारातच मराठवाड्याच्या माळाचा एक राखीव नमुना टिकू शकेल.

नोंदीची पद्धतही बदलावी लागेल. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते, पण एकाच भेटीत भरलेल्या वहीत कंद येणारच नाहीत. रानकांद्याचा पुष्पदंड एप्रिल-मेमध्ये, मुसळी व भुईचक्र जून-जुलैमध्ये आणि कंदीलपुष्पे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाहावी लागतात, आणि त्यासाठी गुराख्यांना व वृद्ध स्त्रियांना सोबत घेणे अनिवार्य आहे, कारण कोणत्या माळाला काय येते हे त्यांनाच ठाऊक असते. वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयासाठी नमुना घेतानाही साध्या चुका होतात: कंद तसाच दाबला तर तो कागदाच्या घडीतही कोंब काढतो किंवा कुजतो, म्हणून तो उभा चिरून, उकळत्या पाण्यात बुडवून मगच दाबावा लागतो, आणि पानांचा नमुना त्याच जागेवरून, त्याच खुणेच्या झाडावरून, पावसाळ्यात पुन्हा घ्यावा लागतो. गुणसूत्रांच्या तपासणीसाठी मात्र जिवंत कंदच हवा, तोही एखाद-दुसराच काढून, बाकीचे जागेवर ठेवून. १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हिंगोली येते, आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग औंढा, सेनगाव व कळमनुरीच्या माळांवर प्रत्येकी काही ठराविक चौकोन आखून दरवर्षी मे आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत त्यांतील कंदांची मोजणी करू लागले, तर दहा वर्षांत सह्याद्रीच्या कोणत्याही पठारासाठी आहे त्या तोडीची माहिती या भागासाठीही तयार होईल.